गरम बोनेट

गाडी बघायला गेलो तेव्हा बोनेट गरम होतं. विकणारा म्हणाला, "धुवून आत्ताच एक चक्कर मारून आणली, खास तुमच्यासाठी." मला केवढं कौतुक वाटलं त्याचं!

चार वर्षांची कॉम्पॅक्ट एसयूव्ही, छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, आतून-बाहेरून चकाचक. दहा मिनिटं चालवली. आवाज नाही, धूर नाही. सोबतच्या मित्राने गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, एकही कोड नाही. सौदा पक्का.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारला आणि पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी खडखड झाली. दोन-तीन सेकंदांत थांबली. जुनी गाडी, चालायचंच, असं म्हणून मी सोडून दिलं. (हे 'चालायचंच' मला फार महागात पडलं.) मग एकदा सिग्नलला बराच वेळ थांबून निघताना आरशात मागे निळसर धूर दिसला. तेल मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढली तर टोकालाही तेल लागत नव्हतं. त्याच आठवड्यात चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. कोड पी००१६, म्हणजे पिस्टनने फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ बिघडलाय.

मेकॅनिकने ऐकूनच मान हलवली. हा या इंजिनाचा जुना आजार आहे म्हणाला. पिस्टनच्या ऑइल रिंगांमध्ये कार्बन बसतो, त्या अडकतात आणि तेल सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. क्रँक आणि कॅमशाफ्टला जोडणारी टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल कमी पडलं की तो ढिला पडतो, चेन झिजते, लांबते. रात्रभर उभ्या गाडीत दाब तयार व्हायला काही क्षण लागतात आणि तेवढ्यात सैल चेन खडखडते. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनात टेन्शनरमध्ये तेल भरलेलं असतं, म्हणून आवाज येत नाही. ती खास चक्कर कशासाठी होती, हे मला तेव्हा कळलं. चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच जातं.

चिडून सर्व्हिसची फाइल काढली. शेवटच्या बिलात तेलाचा ग्रेड २०डब्ल्यू-५०, म्हणजे घट्ट तेल; मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२०, म्हणजे पातळ. घट्ट तेल घातलं की आवाज दबतो, धूरही कमी दिसतो. गाडी घेण्याआधी हे बिल माझ्याच हातात होतं, आणि मी त्यात फक्त शिक्के मोजले होते.

स्कॅनरचं तर विचारूच नका. मित्राने काढलेला स्क्रीनशॉट फोनमध्ये अजून आहे. कोड शून्य, पण त्याच पानावर खाली कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, सगळे मॉनिटर (गाडी स्वतःच स्वतःच्या घेत असलेल्या तपासण्या) 'अपूर्ण'. कोड नुकतेच पुसले किंवा बॅटरी काढून लावली की ते असे दिसतात, आणि पूर्ण व्हायला गाडी बरीच चालवावी लागते. आम्ही दोघांनी वरची ओळ वाचून टाळी दिली होती.

तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. तरी बोनेट गरम लागलं तर तसेच मागे फिरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. चावी फिरवताना म्युझिक सिस्टीम बंद ठेवा. माझ्या वेळी त्याने मोठ्या आवाजात गाणी लावली होती.

त्याला फोन केला. शांतपणे म्हणाला, "तुम्ही चालवून बघितली होती ना?" कागदावर 'जशी आहे तशी' लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. इंजिन सध्या खोलून ठेवलंय.