स्की की स्नोबोर्ड? बर्फावर स्वतःची शैली शोधू पाहणाऱ्या नाशिककरासाठी एक तुलना

हिवाळ्यात काश्मीरमधील गुलमर्ग किंवा उत्तराखंडमधील औली येथे जाण्याचा बेत पक्का झाला, रजा मंजूर झाली आणि तिकिटे निघाली की पुढचा प्रश्न साधनाचा येतो. तेथे पोहोचल्यावर भाड्याने स्की घ्यायच्या की स्नोबोर्ड? या प्रश्नाची उत्तरे बहुधा ‘सोपे काय’ या एकाच निकषावर दिली जातात. येथे निकष वेगळा धरला आहे. ज्याला उतारावरून सुखरूप खाली येण्यापलीकडे काही हवे आहे, आपल्या चालण्याबोलण्यात जसा आपला ठसा असतो तसा तो बर्फावरही उमटावा असे ज्याला वाटते, त्याने काय निवडावे हा या तुलनेचा विषय आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो. शैलीसाठी स्नोबोर्ड हे अधिक मोकळे साधन आहे, परंतु ही मोकळीक पहिल्या तीन-चार दिवसांत हाती लागत नाही, आणि नोकरी-व्यवसाय सांभाळून जाणाऱ्या नाशिककराच्या वाट्याला एका हिवाळ्यात बर्फाचे जेमतेम तेवढेच दिवस येतात. निवडीतला खरा पेच हाच आहे.

साधनांच्या रचनेपासून सुरुवात करू. स्कीमध्ये दोन पाय दोन स्वतंत्र पट्ट्यांवर असतात, तोंड उताराच्या दिशेला असते, बूट कडक प्लास्टिकचे असतात आणि दोन्ही हातांत काठ्या असतात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात, शरीर आडवे, म्हणजे एक कूस उताराच्या दिशेला ठेवून, उभे राहते, बूट मऊ असतात आणि हात पूर्ण मोकळे असतात. आडवे उभे राहायचे म्हटल्यावर पहिला निर्णय शरीरालाच घ्यावा लागतो, तो म्हणजे पुढे कोणता पाय. डावा पुढे ठेवणाऱ्यास ‘रेग्युलर’ आणि उजवा पुढे ठेवणाऱ्यास ‘गूफी’ म्हणतात. उजव्या हाताने जेवणारा मनुष्य रेग्युलरच असेल असे मुळीच नाही. घरातल्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून धावत येऊन घसरून पाहिल्यास कोणता पाय आपोआप पुढे जातो ते कळते, आणि ही चाचणी नाशिक सोडण्यापूर्वीच उरकून घ्यावी, कारण भाड्याच्या बोर्डवरील बाइंडिंग, म्हणजे बूट जखडणाऱ्या पट्ट्यांच्या पकडी, त्यानुसार बसवून घ्यावी लागतात. त्यांचे कोनही ज्याचे त्याने ठरवायचे असतात. दोन्ही पावले थोडी बाहेरच्या बाजूला, म्हणजे पुढचे 15 अंश पुढे आणि मागचे 15 अंश मागे अशी वळवली, तर दोन्ही दिशांना सारख्याच सहजतेने जाता येते. दोन्ही पावले पुढच्या बाजूस वळवली, तर बोर्डच्या कडेवर झुकून खोल वळणे घेणे सोयीचे होते. एकाच दुकानातला एकच बोर्ड दोन व्यक्तींनी घेतला, तरी बर्फाला टेकण्यापूर्वीच तो दोन प्रकारचा झालेला असतो.

स्नोबोर्डिंगचा स्वतःच्या शैलीशी इतका घट्ट संबंध का जोडला जातो, हे त्याच्या जन्मकथेवरून कळते. 1965 च्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यातील मस्किगन गावी शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक खेळणे बनवले, आणि ‘स्नर्फर’ या नावाने ते बाजारात आले. पुढे कॅलिफोर्नियातील स्केटबोर्डपटू टॉम सिम्स आणि 1977 मध्ये व्हर्मॉन्टमध्ये स्वतःची कंपनी काढणारे जेक बर्टन कार्पेंटर यांनी त्या खेळण्याचे रूपांतर वळवता व थांबवता येणाऱ्या साधनात केले. स्कीच्या डोंगरांवर या मंडळींना दीर्घकाळ प्रवेशच नव्हता. 1980 च्या दशकात एकेक केंद्र खुले होत गेले, तरीही युटातील आल्टा व डिअर व्हॅली आणि व्हर्मॉन्टमधील मॅड रिव्हर ग्लेन यांनी बोर्डवरील बंदी चालूच ठेवली. 1998 मध्ये नागानो येथे स्नोबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये आले, तेव्हा हाफपाइपमधील, म्हणजे अर्ध्या नळीच्या आकाराच्या बर्फाच्या पन्हाळीत उड्या घेण्याच्या प्रकारातील, त्या काळचा सर्वात नावाजलेला खेळाडू, नॉर्वेचा तेर्ये हाकोनसेन, गेलाच नाही. या खेळाची सूत्रे स्नोबोर्डपटूंच्या स्वतःच्या संघटनेऐवजी स्कीच्या महासंघाकडे दिली गेली, हा त्याचा आक्षेप होता. ज्या खेळाचे मुरब्बी खेळाडू ऑलिंपिककडेही पाठ फिरवू शकतात, त्याचा स्वभाव काय असेल ते वेगळे सांगायला नको.

निवड करणाऱ्यासाठी या इतिहासातली एक गोष्ट विशेष कामाची आहे. अल्पाइन स्कीइंगचा, म्हणजे उतारावरील स्की-शर्यतींचा, निकाल घड्याळ देते. तेथे सर्वोत्तम मार्ग जवळजवळ एकच असतो आणि प्रत्येक जण त्याच्या अधिकाधिक जवळ जाण्याची धडपड करतो. हाफपाइप आणि स्लोपस्टाइल (उड्यांचे उंचवटे व रूळ असलेला उतार) या प्रकारांत परीक्षक उंची, अवघडपणा, वैविध्य आणि सफाई पाहून एकूण प्रभावाचे 100 पैकी गुण देतात, म्हणजे खेळाडूने काय निवडले यालाही किंमत असते. मात्र ‘स्की म्हणजे शिस्त आणि बोर्ड म्हणजे स्वातंत्र्य’ ही वाटणी अर्धीच खरी आहे. उंचवट्यांच्या उतारावरील मोगल्स हा फ्रीस्टाइल स्कीचा प्रकार 1992 पासूनच ऑलिंपिकमध्ये आहे, आणि स्नोबोर्डपटूंचे पाहून स्कीपटूंनीही दोन्ही टोके वर वळलेल्या स्की वापरून उलटे उतरणे, फिरणे, हवेत स्की पकडणे हे सारे आपलेसे केले. 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये स्कीचेही हाफपाइप आणि स्लोपस्टाइल झाले. स्कीवर शैली नसते असे म्हणणाऱ्याने मोगल्स पाहिलेले नसतात, एवढेच.

आता ही शैली प्रत्यक्षात कशात असते ते एका उदाहरणावरून जवळून पाहू. उडी घेतल्यावर बोर्डची कड हाताने पकडणे याला ‘ग्रॅब’ म्हणतात. मागच्या हाताने दोन पायांच्या मधोमध पंजाकडची कड पकडली की ‘इंडी’ होते. गुडघे छातीशी घेतले की हात तेथे आपसूक पोहोचतो, म्हणून बहुतेक जण प्रथम हीच शिकतात. ‘मेथड’मध्ये पुढच्या हाताने टाचेकडची कड पकडतात, गुडघे वाकवून बोर्ड पाठीमागे वर ओढतात आणि पाठीला कमान देतात. नियम एवढाच असतो. परंतु कोणी ती कमान इतकी ताणतो की बोर्डचा तळ प्रेक्षकांना दिसतो, कोणी मागचा पाय सरळ सोडतो, कोणी पकड अगदी शेवटच्या क्षणापर्यंत टिकवतो, तर कोणी क्षणभर स्पर्श करून सोडून देतो. नाशिक ढोलाच्या पथकात ठेका सर्वांचा एकच असतो, तरी टिपरू उचलण्याच्या ढबीवरून जाणकार वादक ओळखतो. मेथडचेही तसेच आहे. आणि हे केवळ उड्यांपुरते नाही. साधे वळण घेताना खांदे किती शांत ठेवायचे, मागचा हात कोठे सोडायचा, उतार सरळ कापायचा की त्याच्या अंगाने खेळत जायचे, यातही माणूस दिसतो.

पहिल्या दिवसाचे चित्र मात्र या साऱ्यापासून फार दूर आहे. नवशिका बर्फावर बसतो, जाड हातमोज्यांनी बाइंडिंगचे पट्टे दातेरी कुलपात सरकवतो, घोट्यावरचा आणि पंजावरचा पट्टा करकचून आवळतो आणि दोन्ही हात मागे टेकून उठतो. उठताच बोर्ड निसटतो आणि तो पुन्हा बसतो. मग टाचेच्या कडेवर भार देऊन उताराला आडवे घसरत जाणे आणि झाडाचे पान हेलकावत खाली यावे तसे डावीकडे-उजवीकडे सरकणे यातच पहिला दिवस जातो. या काळात उताराकडची कड चुकून बर्फात रुतली, तर फळी जागच्या जागी थांबते आणि माणूस सावरण्यापूर्वीच आदळतो. पाय बांधलेले असल्याने एक पाऊल टाकून तोल सांभाळण्याची सोय नसते. स्कीवर त्याच दिवशी पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवून नांगरासारखा वेग आवरता येऊ लागतो, आणि दुसऱ्या दिवशी सौम्य उतारावर एकट्याने फिरता येते. पुढे मात्र चित्र पालटते. स्की समांतर ठेवून तीव्र उतारावर डौलाने उतरण्यास अनेक हिवाळे लागतात, तर बोर्डवर दोन्ही कडांची वळणे एकदा जोडता आली की प्रगती झपाट्याने होते. स्की शिकायला सोपी पण मुरवायला अवघड आणि बोर्डचे त्याच्या उलट, असे प्रशिक्षक सरसकट सांगतात, आणि यात तथ्य आहे.

जागेचाही विचार केला पाहिजे. गुलमर्ग सुमारे 2650 मीटर उंचीवर आहे. इगतपुरीजवळचे कळसूबाई 1646 मीटर आहे, म्हणजे राज्यातील सर्वोच्च शिखरावर रविवारी चढून येणाऱ्यालाही तेथे पहिला दिवस दमाने घ्यावा लागतो. तेथील गोंडोला (तारेवरून जाणारा बंद पाळणा) दोन टप्प्यांत कोंगडूरीमार्गे अफरवतच्या सुमारे 3950 मीटर उंचीपर्यंत नेते. गुलमर्गची ख्याती वरच्या भागातील अस्पर्श, भुसभुशीत बर्फासाठी आहे, आणि अशा बर्फावर रुंद बोर्ड तरंगत जातो. त्यामुळे गुलमर्गमध्ये स्नोबोर्डपटूची शैली तांत्रिक कसरतींपेक्षा त्याने निवडलेल्या वाटेत अधिक दिसते. परंतु तो भाग हिमस्खलनाचा आहे. जाणत्या वाटाड्याशिवाय आणि वळणे पक्की होण्यापूर्वी तेथे जाणे हा निव्वळ अविचार ठरेल. नवशिक्यांचे खालचे उतार सौम्य आहेत. स्कीसाठी ही सोय आहे, तर बोर्डसाठी थोडी अडचण, कारण सपाटीवर स्कीवाला काठ्यांनी ढकलत पुढे जातो आणि बोर्डवाल्याला एक पाय सोडवून ढकलत चालावे लागते. ओढत वर नेणाऱ्या लिफ्टवर आडवे उभे राहून तोल सांभाळणे हीसुद्धा नव्या बोर्डवाल्याची वेगळीच परीक्षा असते.

औली साधारण 2500 ते 3050 मीटर उंचीवर आहे आणि तेथे गढवाल मंडळ विकास निगमाचे स्की अभ्यासक्रम चालत आले आहेत. आपल्याकडे शिकवण्याची जुनी परंपरा स्कीचीच आहे. 2018 मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवणारी मनालीची आंचल ठाकूर आणि 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेला काश्मीरचा आरिफ खान, ही दोन्ही नावे स्कीतली आहेत. त्यामुळे स्की शिकवणारा सहज मिळतो, तर बोर्ड शिकवणारा आधी ठरवून जावे लागते. जागेवर गेल्यावर ‘दोन्ही शिकवतो’ असे सांगणारे भेटतील. त्यांना प्रथम स्वतः बोर्डवरून उतरून दाखवण्याची विनंती करण्यात काही गैर नाही.

उरलेल्या अकरा महिन्यांचे काय, हा प्रश्न मला साधनापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. शैली सरावाने येते, आणि नाशिकमध्ये थंडी कितीही पडली तरी बर्फ पडत नाही. येथे दोन्ही साधनांना चाकांचा पर्याय आहे. एका रांगेत चाके असलेल्या इनलाइन स्केट्सवरचा सराव स्कीला उपयोगी पडतो, म्हणून शाळेत असताना स्केटिंगच्या वर्गाला गेलेल्या मंडळींना स्की लवकर जमते. स्नोबोर्डसाठी स्केटबोर्ड आहे. आडवे उभे राहणे, पुढच्या पायावर भार देणे आणि खांद्यांनी दिशा ठरवणे हे सारे सोसायटीच्या सिमेंटच्या वाहनतळावर पहाटे शिकता येते (पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर हा प्रयोग करू नये, हे नाशिककरांना सांगण्याची गरज नाही). फरक एवढाच की स्केटबोर्डवर पाय मोकळे असतात आणि वळण चाकांच्या आसाने होते, कडेने होत नाही. काही जणांना या सरावातच हवे ते सापडते आणि बर्फाची ओढ उरत नाही. स्केटबोर्डिंग 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आले, त्यामुळे त्याला बर्फाची पूर्वतयारी समजण्याचे कारण नाही; ज्याला रोज व्यक्त व्हायचे आहे त्याच्यासाठी तेच उजवे आहे.

तेव्हा ज्यांची ही कुटुंबासह एकदाच होणारी सहल आहे, त्यांनी बिनदिक्कत स्की घ्यावी. चार दिवसांत त्यांना डोंगर पाहता येईल, बोर्डवर कदाचित बर्फच अधिक पाहावा लागेल. पुढचे दोन-तीन हिवाळे जाण्याचा ज्यांचा निश्चय आहे आणि मधल्या काळात जे स्केटबोर्डवर उभे राहणार आहेत, त्यांनी पहिल्या दिवसापासून बोर्ड घ्यावा. ‘आधी स्की शिकू, मग बोर्डकडे वळू’ हा मधला मार्ग मला पटत नाही, कारण बोर्डवरचा पहिला दिवस त्याने टळत नाही, केवळ पुढे ढकलला जातो. मित्रमंडळी सगळी स्कीवाली असतील, तर सपाट पट्ट्यांवर आपल्यासाठी थांबण्याची त्यांची तयारी आहे का, हेही विचारून घ्यावे.

दुखापतींचे स्वरूपही वेगळे आहे. स्कीमध्ये पाय पिळवटून गुडघ्याचे अस्थिबंध दुखावतात. बाइंडिंग सुटण्याची व्यवस्था असूनही हा धोका राहतो, म्हणून ज्यांचा गुडघा आधीच कुरकुरतो त्यांनी वैद्यकीय सल्ला घेतल्याशिवाय स्की निवडू नये. बोर्डवर दोन्ही पाय एकत्र असल्याने गुडघा तुलनेने सुरक्षित राहतो, पण पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मार मनगटावर येतो. तबला वाजवणारे, ढोल-ताशाच्या पथकातले, दंतवैद्य किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यांत यंत्रावर काम करणारे, अशा ज्यांचा चरितार्थ वा छंद मनगटावर आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे. पडताना मुठी मिटून हात छातीशी घेण्याची आणि कोपरापासूनच्या पूर्ण हातावर भार घेण्याची सवय घरी गादीवर करून ठेवावी. हेल्मेट दोन्हींसाठी आवश्यक आहे. मनगटरक्षक भाड्याच्या दुकानात मिळतीलच असे नाही, म्हणून स्केटिंगच्या साहित्यात मिळणारे नाशिकमधूनच घेऊन जावेत आणि ते आपल्या हातमोज्यांच्या आत बसतात की नाही हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.