टायटॅनियम मिनीप्लेट सेट, २.० मिमी: खालच्या जबड्यासाठी कितपत पुरतो

यवतमाळ-गडचिरोलीकडच्या लहान ऑपरेशन थिएटरसाठी एकच सेट घ्यायचा तर हाच घ्यावा. मोडलेलं हाड जोडायच्या चार भोकांच्या छोट्या प्लेटी, २.० मिमी जाडीचे, ६ आणि ८ मिमी लांबीचे स्क्रू, १.५ मिमीचं ड्रिल, प्लेट वाकवायची पक्कड. गाडीवरून पडून किंवा बैलाची लाथ बसून झालेल्या साध्या फ्रॅक्चरला एवढं पुरतं.

हाड जुळलं नाही की प्लेटला दोष दिला जातो. बहुतेक वेळा चूक लावण्यात असते. आर्च बार (दातांच्या रांगेला बांधायची धातूची पट्टी) बांधून वरखालचे दात नेहमीच्या चाव्यात तारेने पक्के झाल्याशिवाय एकही स्क्रू घालू नये. प्लेट हाडावर आपसूक बसेल अशी वाकवावी. फट ठेवून स्क्रू आवळला तर तुकडा प्लेटकडे ओढला जातो आणि चावा बिघडतो. तीच प्लेट पुन्हा पुन्हा उलटसुलट वाकवली तर ती तिथेच तुटते. हनुवटीजवळचं फ्रॅक्चर असेल तर मदतनिसाने जबड्याचे दोन्ही कोन (कानाखालचे मागचे कोपरे) आतल्या बाजूला दाबून धरावेत. नाहीतर समोरून रेघ जुळलेली दिसते, जिभेकडे मात्र फट राहते.

प्लेट जबड्यावर कुठे बसवायची, याच्या फ्रेंच सर्जन शांपी यांनी १९७८ साली मांडलेल्या रेषा आजही कामाच्या आहेत. कोनाला वरच्या कडेवर एक प्लेट, हनुवटीच्या भागात दोन, कारण तिथे हाडाला पीळ बसतो. फ्रॅक्चरच्या प्रत्येक बाजूला किमान दोन स्क्रू.

ड्रिल करताना सलाईनची धार सतत हवी. हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी पेशी मरतात, मग स्क्रू सैल होतो आणि पू धरतो. बोथट ड्रिल लगेच बदलावं, यात काटकसर नकोच. अस्थिवेष्टनही (हाडावरचं पातळ आवरण) प्लेटपुरतंच सोडवावं, हाडाचा रक्तपुरवठा त्यातूनही येतो.

सेटची उणीव म्हणजे गालातून स्क्रू घालायचा ट्रोकार (टोकदार दांडी असलेली नळी) बहुधा वेगळा घ्यावा लागतो. आपल्याकडे खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांचं तोंड कमी उघडतं, कोनापर्यंत आतून हात पोहोचत नाही. तिथे तो लागतोच. हाडाचा चुरा झालेला असेल किंवा म्हातारपणी जबडा झिजलेला असेल तर या प्लेटींवर विसंबू नये, २.४ मिमीची जाड, मजबूत रिकन्स्ट्रक्शन प्लेट लागते. ती सोय नसेल तर पेशंटला नागपूरला किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीच्या हॉस्पिटलात पाठवावं.

ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे आंबील, मऊ वरणभात. खर्रा पूर्ण बंद. तंबाखूने टाके उकलतात आणि प्लेट उघडी पडते.