सात माणसं की ज्वारीचं पोतं? एर्टिगा आणि ट्रायबरची डिकी

सोलापुरातून पुण्याला आमची गाडी कधी रिकामी जात नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं पोतं, शेंगा चटणीचे डबे, कडक भाकरीची चळत, कुणाच्या तरी लग्नात द्यायच्या चादरींचा गठ्ठा, आणि गाडी सुरू झाल्यावर आई खिडकीतून आत सरकवते ती पिशवी. त्यामुळे मावसभाऊ सात सीटची गाडी घेतोय म्हणाला तेव्हा मी मायलेज विचारलंच नाही. विचारलं, पोतं कुठं ठेवणार?

त्याच्या मनात दोनच गाड्या होत्या, मारुतीची एर्टिगा आणि रेनॉची ट्रायबर. कियाची कॅरेन्सही तो बघून आला होता. पण तिन्ही रांगा उभ्या असताना तिची डिकी २१६ लिटरची, एर्टिगाची २०९. सात लिटरसाठी बजेट ताणण्यात अर्थ नव्हता.

एर्टिगाची तिसरी रांग पाडली की ५५० लिटर जागा होते, दुसरीही पाडली की ८०३. ट्रायबरमध्ये सातही सीट लावलेल्या असतील तर डिकी फक्त ८४ लिटर. दोन दप्तरं आणि भाकरीची पिशवी ठेवली की संपली. मागची एक सीट काढली की ३२०, दोन्ही काढल्या की ६२५. म्हणजे पाच माणसं घेऊन निघायचं असेल तर लांबीला चार मीटरच्या आतली ट्रायबर साधारण ४.४ मीटरच्या एर्टिगापेक्षा जास्त सामान घेते. हे वाचून भाऊ खूश झाला. मी म्हटलं, थांब जरा.

ट्रायबरची ही जागा सीट उचलून गाडीबाहेर काढल्यावर मिळते. काढायला अवघड नाही, पण काढलेली सीट घरी राहते. एर्टिगाची सीट दुमडलेली का होईना, सोबत येते. पोतं पुण्यात उतरवलं आणि परतताना आत्या म्हणाली, "मीही येते रे, नातीला घेऊन," तर एर्टिगावाला मागची रांग उभी करतो. ट्रायबरवाल्याच्या सीट तेव्हा जुळे सोलापुरात पलंगाखाली असतात. दोन्ही गाड्यांत मागची सीट अर्धी ठेवून सहा माणसं आणि पोतं असं जमवता येतं. फरक एवढाच की ट्रायबरमध्ये हा हिशोब निघण्याआधी करावा लागतो, एर्टिगात तो वाटेतही बदलता येतो. आमच्यासारख्या घरात माणसांची संख्या निघताना एक आणि परतताना दुसरीच असते, म्हणून मला हा मुद्दा लिटरपेक्षा मोठा वाटतो.

शेजाऱ्यांच्या ट्रायबरमध्ये आम्ही दोन्ही सीट काढून ५० किलोचं भरलेलं पोतं आडवं घालून पाहिलं. दुसऱ्या रांगेच्या पाठीला चिकटवून ठेवलं तर मागे डबे आणि दोन बॅगा आरामात मावल्या. पोतं दाराजवळ ठेवायची चूक करू नका. जड वस्तू खाली आणि सीटच्या पाठीला टेकवून, हलकी वर. मी एकदा चटणीचा डबा सगळ्यात वर ठेवला होता. टेंभुर्णीच्या पुढे उसाची ट्रॉली अचानक वळली, मी ब्रेक दाबला आणि डबा थेट दुसऱ्या रांगेत बसलेल्या बहिणीच्या खांद्यावर. झाकण निघालं नाही हे नशीब. गाडीला आठवडाभर लसणाचा वास येत होता तो वेगळा.

"टपावर कॅरियर लावू की," हे सगळेच म्हणतात. ट्रायबरच्या टपावरच्या दांड्यांची क्षमता ५० किलो आहे. कॅरियरचं वजन त्यातच धरा, म्हणजे ज्वारीचं पोतं तिथेच बाद झालं. वर चढवायचं ते हलकं आणि फुगीर सामान: गाद्या, उशा, फार तर चादरींचा छोटा गठ्ठा, तोही ताडपत्रीत नीट बांधून. टपावर वजन वाढलं की वळणावर गाडी झुकते, आणि वाऱ्याला अडथळा झाल्याने पेट्रोलही जास्त जातं. रोजच्या वापरात रिकामं कॅरियर मिरवत फिरू नका.

सीएनजी घेणार असाल तर एर्टिगाचा २०९चा आकडा विसरा. ६० लिटरची टाकी डिकीतच बसते. कागद वाचून ठरवू नका, तुमच्या बॅगा घेऊन शोरूममध्ये जा आणि दार बंद होतंय का बघा.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. ट्रायबरचं एक लिटरचं तीन सिलिंडरचं, ताकद ७२ पीएस. एर्टिगाचं दीड लिटरचं चार सिलिंडरचं, साधारण १०३ पीएस. शहरात फरक जाणवणार नाही. मे महिन्यात पूर्ण भरलेली गाडी, एसी चालू आणि पुढे ट्रक असेल तेव्हा जाणवतो. भरलेल्या गाडीला टायरमध्ये हवा किती हवी ते गाडीवरच्या स्टिकरवर वेगळं दिलेलं असतं, ते बघून भरा. पेठेतल्या बोळात मात्र ट्रायबरची ४० सेंटिमीटरहून जास्त कमी लांबी रोज उपयोगी पडते, आणि ती बरीच स्वस्तही आहे.

भावाच्या घरी कायमची माणसं पाच. सातजण होतात ते तुळजापूर नाहीतर अक्कलकोटला जाताना, तासाभराचा रस्ता, सामान म्हणजे ओटीची पिशवी. पोतं असतं तेव्हा माणसं कमी असतात. त्याने ट्रायबर घ्यावी असं मी स्पष्ट सांगितलं. माझ्याकडे जाताना चार आणि येताना सात असा कारभार, मी पेट्रोलची एर्टिगाच घेईन. रविवारी तो ट्रायबर चालवून बघायला जाणार आहे. पोतं माझ्याकडून घेऊन जा म्हटलंय.