भावाबहिणीचं मूल दत्तक घेऊन अमेरिकेत नेताना: हेगचा मार्ग, दोन वर्षांचा मार्ग की भावंडाचा अर्ज?

अमेरिकेतल्या काकांनी किंवा मावशीने पुतण्या-भाची दत्तक घ्यायचं ठरवलं की बहुतेक घरांत सुरुवात उलट्या टोकाने होते. सुट्टीत भारतात यायचं, दत्तहोम करायचा, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवायचं आणि मग व्हिसाची चौकशी करायची. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे हे दत्तक पक्कं असतं, आणि घोटाळा त्या पक्केपणातच आहे. हेग करार, म्हणजे परदेशातलं मूल दत्तक घेण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार, भारत-अमेरिकेदरम्यान १ एप्रिल २००८ पासून लागू आहे. त्यानुसार आय-८०० अर्जाला (दत्तक मुलाला अमेरिकेत नेण्यासाठीचा अर्ज) तात्पुरती मंजुरी मिळण्याआधीच दत्तक होऊन गेलं असेल, तर ते आधी रद्द झाल्याशिवाय अर्ज मंजूर होत नाही. इकडे १९५६ च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की वैध दत्तक रद्द करता येत नाही. मूल दोन्ही कायद्यांच्या मध्ये लटकतं.

म्हणून मार्ग आधी ठरवा, विधी नंतर. भाच्या-पुतण्यासाठी थेट ग्रीन कार्डचा अर्ज करायची सोय अमेरिकी कायद्यात नाही. उरतात ते तीन मार्ग.

हेगचा मार्ग (आय-८००ए, मग आय-८००)

अर्जदार अमेरिकेत राहणारा अमेरिकी नागरिक हवा. जोडप्यापैकी एक नागरिक असला तरी चालतं, पण दत्तक दोघांनी मिळून घ्यावं लागतं. अविवाहित व्यक्तीचं वय आय-८०० भरताना किमान २५ हवं. आय-८०० दाखल होताना मूल १६ वर्षांच्या आतलं हवं. सख्ख्या भावंडांना सोबत नेताना वयाची थोडी सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये.

भारताच्या बाजूने बाल न्याय अधिनियम, २०१५ लागतो. त्यात दत्तकासाठी ‘नातेवाईक’ म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, एवढेच. चुलतभावाचा मुलगा घरात पुतण्याच म्हणवला जातो, या व्याख्येत मात्र तो बसत नाही.

क्रम असा: अमेरिकेतल्या अशा संस्थेकडून गृह-अभ्यास अहवाल घ्यायचा जिला तिकडची मान्यता आणि ‘कारा’ची (भारताच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची) अधिकृतता, दोन्ही आहेत. मग आय-८००ए, म्हणजे दत्तक पालक म्हणून पात्र ठरण्याचा अर्ज. त्यानंतर संस्था ‘कारा’च्या संकेतस्थळावर नोंदणी करते. मुलाच्या घरी जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा माणूस जातो आणि कौटुंबिक पार्श्वभूमीचा अहवाल लिहितो. जन्मदात्यांची लेखी संमती लागते आणि मूल ५ वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही. मग आय-८०० ची तात्पुरती मंजुरी आणि दिल्लीच्या अमेरिकी दूतावासाचं हेग कराराच्या कलम ५ चं पत्र (मुलाला अमेरिकेत येऊन राहता येईल असं सांगणारं). हे पत्र हातात आल्यावरच दत्तक आदेश. सप्टेंबर २०२२ पासून तो न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. पुढे ‘कारा’चं ना-हरकत व अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक हेग करारानुसार झाल्याचं), पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, व्हिसा.

आय-८००ए ची मंजुरी १५ महिने टिकते. जिल्ह्याचा अहवाल रेंगाळला की ही मुदत पहिल्यांदा आडवी येते, म्हणून मुदतवाढीचा अर्ज वेळेत भरावा.

खरी कसोटी मात्र वेगळीच. आई आणि वडील दोघेही हयात असतील तर ते मुलाच्या मूलभूत गरजा भागवायला असमर्थ आहेत, हे दाखवावं लागतं. गरिबी, दीर्घ आजार, मानसिक आजार, तुरुंगवास अशी कारणं धरली जातात आणि मोजमाप स्थानिक राहणीमानाचं असतं. ‘तिकडे शिक्षण चांगलं मिळेल’ हे कारण इथे शून्य किमतीचं. वडिलांची सरकारी नोकरी, स्वतःचा फ्लॅट आणि मूल इंग्रजी शाळेत, असं चित्र असेल तर प्रकरण इथेच संपतं. असमर्थता असेल तर ती कागदावर दिसली पाहिजे: उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, कर्जाचे हप्ते. जिल्ह्याच्या अहवालात ‘कुटुंबाची आर्थिक स्थिती समाधानकारक’ असं एक सवयीचं वाक्य पडलं तर या सगळ्यावर पाणी फिरतं. अहवाल पुढे जाण्याआधी त्याची प्रत नीट वाचा.

एक पालक वारला असेल तर दुसऱ्याची लेखी, मागे न घेता येणारी संमती पुरते, असमर्थता सिद्ध करावी लागत नाही. पण विधवा वहिनीने पुनर्विवाह केला असेल तर सावत्र वडील पालक धरले जातात आणि दोन हयात पालकांचा नियम परत लागतो.

पैशांबाबतही सांभाळावं. वर्षानुवर्षं घरखर्चाला पाठवलेली रक्कम समजावून सांगता येते. संमतीपत्राच्या आगेमागे भावाच्या खात्यात गेलेली मोठी रक्कम मात्र मुलाचा मोबदला वाटू शकते.

दोन वर्षांचा मार्ग (आय-१३०)

आय-१३० हा नातेवाइकासाठी ग्रीन कार्ड मागण्याचा नेहमीचा अर्ज. इथे जन्मदात्यांची असमर्थता कोणी विचारत नाही. दत्तक १६ व्या वाढदिवसाआधी झालेलं हवं, शिवाय दत्तक पालकाकडे २ वर्षं कायदेशीर ताबा आणि २ वर्षं एकत्र राहणं. ही वर्षं सलग नसली तरी चालतात, दत्तकाआधीचीही मोजतात, पण ताबा अधिकृत आदेशाचा किंवा दत्तकाचा हवा. ‘मूल लहानपणापासून माझ्याकडेच आहे’ हे तोंडी सांगून भागत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या नागरिकाला ही वाट बंद आहे. ती उघडते त्याने मुलासोबत अमेरिकेबाहेर २ वर्षं काढली तर, म्हणजे व्यवहारात भारतात परत येऊन राहिला तर. ही अट ऐकली की निम्मी घरं गप्प होतात. पण घरून काम करता येणाऱ्यांना किंवा निवृत्त मामा-मामींना ती जमते, आणि जन्मदाते सुस्थितीत असतील तर दुसरा प्रामाणिक मार्ग नाहीच.

फसगत होते ती एकत्र कुटुंबात. मूल आणि दत्तक पालक ज्या घरात राहतात त्याच घरात सख्खे आईवडीलही असतील, तर मुलाचे निर्णय दत्तक पालकच घेत होते हे सिद्ध करावं लागतं. शाळेच्या प्रवेशअर्जावर पालक म्हणून कोणाचं नाव, प्रगतिपुस्तकावर सही कोणाची, फी कोणाच्या खात्यातून गेली, लसीकरणाला कोण घेऊन गेलं, हेच पुरावे. वेगळं घर भाड्याने घेणं हा सर्वात सोपा उपाय. नातेवाईक रुसतील, पण दोन वर्षांनी फाइल हलकी होते.

ग्रीन कार्डधारकाला हेगचा मार्ग नाही, हा आहे. मात्र २ वर्षं भारतात राहिलं तर त्याचं स्वतःचं ग्रीन कार्ड धोक्यात येतं. निघण्याआधी री-एंट्री परमिट (लांब मुक्कामानंतर अमेरिकेत परत येण्याचा परवाना) घ्यावं, आणि तेही जास्तीत जास्त २ वर्षांचंच मिळतं. वर एफ२ए वर्गाची, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदार-मुलांची, रांग. मूल लहान असेल तर आधी नागरिकत्व घेणं बरं, चौदाव्या वर्षात असेल तर तेवढी सवड नसते.

भावंडाचा अर्ज (एफ४)

दत्तकाची गरजच नाही. नागरिक भावाबहिणीसाठी अर्ज करतो आणि २१ च्या आतली अविवाहित मुलं सोबत येतात. पण २०२५ मध्ये भारतीयांसाठी २००६ च्या आसपासच्या अर्जांचा नंबर लागत होता. आय-१३० जितका काळ प्रलंबित राहिला तितका मुलाच्या वयातून वजा होतो, तरी आज दहा वर्षांचं असलेलं मूल यात बसेल असं धरून चालू नये. अर्ज आजच टाकून ठेवावा, भरवसा ठेवू नये.

पर्यटक व्हिसावर मूल नेऊन तिकडच्या न्यायालयातून दत्तक घेण्याचा सल्लाही फिरत असतो. त्याने हेग टळत नाही. मुलाचं नेहमीचं वास्तव्य भारतच धरलं जातं.

पहिले दोन मार्ग पूर्ण झाल्यावर, पालक नागरिक असेल आणि मूल १८ च्या आत ग्रीन कार्डवर त्याच्यासोबत राहायला आलं असेल, तर मुलाला आपोआप नागरिकत्व मिळतं. हेगच्या मार्गात नंतर २ वर्षं पाठपुरावा अहवाल द्यायचे असतात: पहिल्या वर्षी तिमाही, दुसऱ्या वर्षी सहामाही. आणि घरातल्यांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा: हे मूल उद्या नागरिक झालं तरी जन्मदात्या आईवडिलांसाठी त्याला कधीच अर्ज करता येणार नाही.