बाप्पाचे डोळे कुठे गेले? व्हीकार्व्ह प्रो नऊ महिने वापरल्यानंतर

आमच्याकडे आठ बाय चार फुटांचा तीन अक्षांचा राउटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइलवरून लाकूड कोरणारं मशीन. मॉडेलवरून ती फाइल बनवायला नऊ महिने व्हीकार्व्ह प्रो हे सॉफ्टवेअर वापरतोय. मशीन चालवतो डीएसपी कंट्रोलर, त्याला फाइल पेनड्राइव्हवरून. काम बहुतेक देव्हाऱ्यांचं: सागवानात मागचं पॅनल, वर कीर्तिमुख, मध्ये गणपती नाहीतर विठ्ठल. जाळ्या, कपाटाचे दरवाजे असल्या सपाट कामाला कुठलंही सॉफ्टवेअर चालतं. कसोटी लागते ती गिऱ्हाईक बारीक नक्षीची एसटीएल फाइल (त्रिमितीय मॉडेलची फाइल) घेऊन दारात उभं राहतं तेव्हा.

अशा कामाला कुठलं सॉफ्टवेअर, हे आमच्या धंद्यात कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: आर्टकॅम. ते ऑटोडेस्क कंपनीने २०१८ मध्ये बंद केलं, त्याचा वारसा आता कार्व्हेको या नावाने चालतो. तरी जुन्या क्रॅक प्रती पेनड्राइव्हमधून अजून गावोगाव फिरतात. मीही त्यावरच शिकलो, लपवत नाही. नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा मात्र ठरवलं, आता जे घ्यायचं ते बिलासकट.

ऑटोडेस्कच्याच फ्यूजनची फुकट आवृत्ती धंद्यासाठी वापरायची परवानगीच नाही, शिवाय तिच्यातून निघणाऱ्या मशीनच्या कोडमध्ये रॅपिड चाल (न कापता बिट झटकन हलवणं) मिळत नाही. तो विषय तिथेच संपला. फ्रीकॅड खरोखर मोफत आहे, पण कारागीर पोराला ते शिकवायला माझ्याकडे तेवढे दिवस नव्हते. कार्व्हेकोची वर्गणी दर महिन्याची. आमचा पावसाळा तसाही कोरडा जातो, त्यात ती नको वाटली. उरलं व्हेक्ट्रिकचं व्हीकार्व्ह प्रो आणि त्याचा थोरला भाऊ अस्पायर. अस्पायरमध्ये मॉडेल घडवता येतं, कितीही मॉडेल एकत्र जोडता येतात. व्हीकार्व्हमध्ये एका जॉबमध्ये (एका कामाच्या मांडणीत) बाहेरून एकच मेश, म्हणजे त्रिकोणांनी बनलेलं मॉडेल, आणता येते. मला घडवायचं नव्हतं, आलेलं कापायचं होतं, म्हणून धाकट्यावर थांबलो. पैसे एकदाच. चाचणी आवृत्तीत आपली फाइल उघडून टूलपाथचं (बिटच्या मार्गाचं) प्रीव्ह्यू बघता येतं, फक्त तिचा कोड सेव्ह होत नाही. घेण्याआधी एवढं जरूर करा.

आता माझी फजिती. पहिलंच मोठं काम, ३०० बाय ४५० मिमीचा गणपती. मशीनचा बेड आठ बाय चारचा, म्हणून सवयीने जॉबही तेवढाच उघडला आणि गणपती कोपऱ्यात ठेवला. कापून झालं, मावशी बघायला आल्या. चष्मा पुसून म्हणाल्या, "काय रे, बाप्पाला झोप लागलीय का?" पापण्या, मुकुटाचे मणी, सोंडेवरच्या वळ्या सगळं लोण्यासारखं गुळगुळीत झालं होतं. मी बिट बदलला, स्टेपओव्हर (बिटच्या शेजारच्या दोन ओळींमधलं अंतर) कमी केला, दोन फळ्या वाया घालवल्या. बिचाऱ्या बिटचा काहीच दोष नव्हता.

कारण असं. हे सॉफ्टवेअर मेशचे त्रिकोण जसेच्या तसे ठेवत नाही. वरून बघून प्रत्येक ठिपक्याची उंची मोजतं आणि तोच उंचीचा नकाशा कापतं. हे ठिपके तुम्ही दिलेल्या अख्ख्या जॉबच्या मापावर वाटले जातात. आठ बाय चारची शीट माझ्या पॅनलच्या जवळजवळ २२ पट आहे, म्हणजे गणपतीच्या वाट्याला आले बाविसाव्या हिश्श्याचे ठिपके. जॉबचं माप पॅनलएवढं केलं, मॉडेलिंग रिझोल्युशन (ठिपक्यांची दाटी) 'व्हेरी हाय'वर नेलं, आणि बाप्पांनी डोळे उघडले. ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर सागाच्या दोन फळ्या वाचल्या असत्या.

सोंडेच्या मागची पोकळी या नकाशात येत नाही, तिथे सरळ भिंत दिसते. त्याने माझं काही अडत नाही. तीन अक्षांच्या मशीनचा बिट तरी तिथे कुठे पोचणार?

फाइल आत घेण्याआधी मेश दुरुस्त करणाऱ्या मेशलॅबमधून एकदा फिरवतो. एका त्रिकोणाला ५० बाइट, म्हणजे २० लाख त्रिकोणांची फाइल १०० एमबीची होते. एवढी बारकाई बिटच्या १ मिमीच्या टोकाला दिसतही नाही. त्रिकोण पाव हिश्श्यावर आणतो, भोकं असतील तर बुजवतो. एसटीएलमध्ये माप कुठल्या एककात आहे हे लिहिलेलंच नसतं. मिमीऐवजी इंच धरलं गेलं तर मूर्ती २५.४ पट होते. आमच्या पोराने एकदा बेडपेक्षाही मोठा विठ्ठल उभा केला होता, अर्थात स्क्रीनवर!

वेळेचं गणित नीट जमायला तीन महिने गेले. अख्खं पॅनल १ मिमी टोकाच्या टेपर बॉलनोजने (गोल टोकाच्या निमुळत्या बिटने), ०.१ मिमी स्टेपओव्हरने, मिनिटाला २ मीटर वेगाने कापलं तर सव्वाअकरा तास. प्रत्यक्षात जास्तच, कारण मशीन प्रत्येक वळणावर हळू होतं. एवढ्यात एकदा तरी वीज जातेच. आता रफिंगनंतर (जादा लाकूड ढोबळ काढल्यावर) अख्खं पॅनल ३ मिमी बॉलनोजने ०.३ मिमी स्टेपओव्हरवर, मिनिटाला ३ मीटरने घेतो: अडीच तास. यात दोन ओळींमध्ये उरणारा उंचवटा ०.००८ मिमीपेक्षाही कमी, पॉलिशपेपरच्या एका हातात जातो. मग चेहऱ्याभोवती एक व्हेक्टर (बंद रेषा) काढतो, तीच हद्द देतो आणि ९० बाय ११० मिमीएवढाच भाग १ मिमीच्या टोकाने मारतो: पाऊण-एक तास. डोळे, दात, सोंडेच्या वळ्या तिथेच तर असतात.

नावडतं एकच, पण मोठं. दोन्ही बाजूंनी कोरायच्या पूर्ण मूर्तीला इथे मेश दोन भागांत नीट लावत बसावं लागतं, आणि माझा हात अजून त्यात बसलेला नाही. अशा कामाला मेशकॅम किंवा डेस्कप्रोटो ही सॉफ्टवेअर बघा. डेस्कप्रोटोची मोफत आवृत्तीही आहे. सध्या एका हनुमानाची ऑर्डर आहे, गदेसकट, चहूबाजूंनी. ती मी डेस्कप्रोटोवर लावून बघतोय. शिवणाच्या लाकडाच्या तुकड्यावर पाठ कोरून झाली आहे, पोट उद्या.