कोमॅप्स: पावसाळ्यापासून वापरतोय, आता थोडं सविस्तर

गेल्या पावसाळ्यापासून डोंगरात मी कोमॅप्स हे नकाशाचं ॲपच वापरतोय. नकाशा आधी उतरवून ठेवला की नेट लागत नाही. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडाला निघालात आणि रेंज गेली, तरी पायवाट, उंचीच्या रेषा आणि आपण कुठे आहोत ते दाखवणारा बाण जागेवर असतो. जाहिरात नाही, वापरणाऱ्यावर पाळत नाही. शहरात मात्र दुसरं ॲप ठेवावं लागतं, कारण यात ट्रॅफिक दिसत नाही.

हे सगळं मी आधी वापरत होतो त्या ऑर्गॅनिक मॅप्स ॲपमध्येही मिळतं. मग बदललं कशाला, असं ट्रेकवाले मित्र विचारतात. कारण नकाशात नाही, कारभारात आहे. मॅप्स.मी हे नकाशाचं जुनं ॲप २०२० मध्ये विकलं गेलं, त्यानंतर त्याच्याच खुल्या कोडवरून ऑर्गॅनिक मॅप्स उभं राहिलं. कोड लिहायला, भाषांतराला स्वयंसेवक, पैसा लोकांच्या देणग्यांचा. कंपनी मात्र एस्टोनियात नोंदवलेली, मोजक्या भागधारकांची. एप्रिल २०२५ मध्ये स्वयंसेवकांनी जाहीर पत्रच लिहिलं: देणग्यांचा हिशोब दाखवा, निर्णय आम्हाला विचारून घ्या, नफ्याच्या मागे लागू नका. तोडगा निघाला नाही. त्यातले बरेच जण बाहेर पडले आणि कोमॅप्स सुरू झालं. नावसुद्धा मतदान घेऊन ठरवलं. जुलैत ॲप सगळ्यांना मिळायला लागलं.

मला त्यांचं म्हणणं मनापासून पटतं. गडावर एखादं टाकं नकाशात नसलं तर मी तिथेच उभा राहून त्याची खूण टाकतो, पाणी पिण्याजोगं आहे की नाही तेही लिहितो. ही नोंद ओपनस्ट्रीटमॅपमध्ये, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशात जाते. उद्या कुठलंही ॲप बंद पडलं तरी ती तिथेच राहणार, त्यामुळे तिची चिंता नाही. पण ज्यांनी रात्री जागून ॲपच सुधारलं, त्यांच्या कष्टांवर मोजक्या भागधारकांनी परस्पर निर्णय घ्यायचे हे कसं चालेल? फुकट राबणाऱ्याला निदान वही उघडून दाखवावी. कोमॅप्सचा जमाखर्च ओपन कलेक्टिव्ह या हिशोब खुला ठेवणाऱ्या साइटवर कुणालाही बघता येतो; मी देणगी द्यायच्या आधी तो नीट पाहिला.

ऑर्गॅनिक मॅप्सही चालू आहे, फुकट आहे, आणि ते वापरणाऱ्यांशी माझं भांडण नाही. बदलायचं असेल तर जुन्या ॲपमधल्या खुणांची फाइल काढून कोमॅप्समध्ये सरळ उघडता येते. नकाशे तेवढे नव्याने उतरवावे लागतात. ते घरच्या वायफायवर उरकून घ्या.