घरच्या सुतारकामाला नेल गन घ्यावी की हातोडीच बरी?

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं "मशीनची हातोडी दाखवा" म्हणाल, तर काउंटरवर हॅमर ड्रिल येण्याची शक्यता जास्त. ते भिंतीला भोक पाडायचं यंत्र आहे, खिळे ठोकायचं नाही. खिळे ठोकायला तीन प्रकार मिळतात: हवेची नेल गन, मुठीत मावणारा पाम नेलर आणि बॅटरीची नेल गन.

हवेच्या गनमध्ये घरकामाला सहसा एफ-३० घेतात. तिच्यात १८ गेजचे (गेज म्हणजे जाडीचं माप), १० ते ३० मिमी लांबीचे, नावापुरतं डोकं असलेले खिळे बसतात. बिडिंग पट्टी (कडेला लावायची अरुंद पट्टी), कपाटाची पाठ, फोटोची चौकट अशा कामांत हातोडी तिच्यापुढे टिकत नाही. एका हातानं पट्टी धरायची, दुसऱ्यानं घोडा दाबायचा. तीच पट्टी हातोडीनं ठोकताना बारीक खिळा बोटांत धरावा लागतो, एखादा घाव पट्टीवरच बसतो, आणि सागाची अरुंद पट्टी टोकाला चिरते. गनचा खिळा बारीक असतो आणि एका झटक्यात आत जातो, त्यामुळे चिरण्याचा धोका कमी.

मात्र हिशेब करून बघा. १९ मिमी प्लायमधून ३० मिमीचा खिळा गेला, की पलीकडच्या फळीत उरतो ११ मिमी. फेविकॉल सुकेपर्यंत सांधा धरून ठेवायला तेवढं पुरतं. पलंगाचा किंवा झोपाळ्याचा भार त्यावर टाकू नका. तिथे कुसाचा सांधा (एका लाकडाचं कूस दुसऱ्याच्या खाचेत बसवून केलेला) किंवा स्क्रूच हवा.

लाकूड कोणतं, यावरही बरंच अवलंबून आहे. खान्देशात घरोघरी जुना साग निघतो आणि शेतावर बाभूळ असतेच. वाळलेल्या बाभळीत एफ-३०चा खिळा अर्धा वर राहतो किंवा आतल्या आत वळून बाजूनं बाहेर येतो. हातोडीचा खिळाही तिथे वाकतो, पण तो अंबूरनं, म्हणजे खिळे उपटायच्या पकडीनं, ओढून काढता येतो. बाभळीला आधी ड्रिलनं बारीक भोक पाडणं हाच मार्ग. पूर्वी गिरमिटानं हेच करत.

हवेच्या गनबरोबर कॉम्प्रेसर, म्हणजे टाकीत हवा दाबून भरणारं यंत्र, येतो, हे खरं लफडं. गन स्वस्त, पण दोन्ही मिळून खर्च दहा हजारांच्या आसपास जातो. शिवाय आवाज, टाकीत साठणारं पाणी रोज काढणं, आणि गावात कमी व्होल्टेज. शेतपंप सुरू असताना व्होल्टेज पडलं, तर कॉम्प्रेसरची मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. रंगाचा स्प्रे मारायला किंवा टायरमध्ये हवा भरायला कॉम्प्रेसर आधीच घरात असेल, तर मात्र गन जरूर घ्या.

बॅटरीच्या गनला हवेची नळी नाही, वीज गेली तरी काम अडत नाही. पण ती जड असते आणि महागही. शिवाय आपल्याकडचा मे महिना! जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ला जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. लिथियम बॅटरी एवढ्या उष्णतेत चार्ज केली तर लवकर खराब होते. चार्जिंग रात्री, घरात करावं. पाम नेलर हातोडी फिरवायला जागा नसलेल्या कोपऱ्यात साधे मोठे खिळे ठोकतो. घरी तशी वेळ क्वचितच येते.

माझं मत विचाराल, तर वर्षाकाठी एखादा पाट, स्टूल, दाराची दुरुस्ती करणाऱ्यानं चांगली हातोडी ठेवावी आणि उरलेल्या पैशांत बॅटरीचं ड्रिल घ्यावं. ते भोक पाडतं, स्क्रू बसवतं, उद्या सांधा उघडायचा तर स्क्रू काढूनही देतं. गन यातलं काहीच करत नाही. घरभर बिडिंग मारायचं असेल, तर फर्निचरवाल्या मिस्त्रीकडून गन-कॉम्प्रेसर दोन दिवस भाड्यानं मिळतो का, ते आधी विचारा.

भाड्यानं आणा किंवा विकत घ्या, डोळ्यांच्या सुरक्षेचा चष्मा लावल्याशिवाय घोडा दाबू नका. खिळा लाकडाच्या रेषेबरोबर वळून फळीच्या कडेतून निघू शकतो, म्हणून धरणारा हात वीतभर लांब ठेवा. अडकलेला खिळा काढण्याआधी नळी सोडवा. आणि वेल्डिंगवाल्याच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरवर गन चालवायचा जुगाड कुणी सुचवला, तर त्याला तिथूनच परत पाठवा. त्यानं स्फोट होतो.